कमरेची किल्ली



नागपुरात ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' म्हटलं, की पुढं काही सांगावं लागत नाही. इस्पितळाच्या पाटीवर 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असं नीट लिहिलेलं आहे, पण आपल्या तोंडात जुनंच नाव बसलं आहे. पोरगं ऐकत नसलं की आपण धाक घालतो, "पागलखान्यात नेऊन टाकीन हं!" पुण्याकडच्या बाया 'येरवड्याला' म्हणतात, मुंबईच्या 'ठाण्याला'. येरवड्याला तर तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. त्यामुळे कोणत्या येरवड्याचा धाक घातला, हे पोराला कळतही नसेल. आणि खरं सांगायचं तर, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या दोन्हींत फार फरकही नव्हता.

मी बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. मनोरुग्णालयातली पोस्टिंग जवळ आली, की दरवर्षी कोणाची तरी आई भेटायला येई. "मॅडम, माझ्या पोरीला तिथं नका पाठवू. उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील." मी त्या बायांवर कधी रागावले नाही. भीती त्यांनी घरी बनवली नव्हती, ती इतिहासातून आली होती. आज तोच इतिहास सांगते. मनोरुग्णालयातल्या सिस्टरच्या कमरेला आजही किल्ली असते. ती किल्ली तिच्याकडे कुठून आली आणि तिचं तिनं काय केलं, ही ती गोष्ट.

१८५३ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी घेतलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. मग राजधानीला जे जे लागतं ते ते उभं राहू लागलं. १८६४ साली वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. आज महाराष्ट्रात चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. चौघांत आपलं नागपूर सगळ्यात जुनं.

हे इस्पितळ चालायचं १८५८ च्या कायद्यावर. रस्त्यात कोणी वेडसर फिरताना दिसलं, तर पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं आणि त्याच्या हुकमानं आत पाठवायचं. म्हणजे माणूस आत यायचा पोलिसाच्या हातून. देखरेखही बराच काळ तुरुंग खात्याच्या वरिष्ठांची असे. मग आत त्याच्याजवळ राहणाऱ्याला नाव काय मिळणार? कीपर, वॉर्डर, म्हणजे राखणदार. जेलात जो असतो तोच. त्याला शिक्षण नव्हतं आणि पगार तुटपुंजा. त्याच्याकडून अपेक्षा एकच, की सकाळी जितकी माणसं मोजली तितकी संध्याकाळी भरली पाहिजेत. दाराला कुलूप आणि किल्ली त्याच्या कमरेला. आपल्या मनोरुग्ण परिचारिकेचा हा पूर्वज. सुईणीला पूर्वज सांगायला आवडतो, शिक्षिकेला सावित्रीबाई सांगता येतात. या सिस्टरला मात्र पूर्वज सांगताना जरा अडखळायला होतं.

पण राखणदारांतही एक असा होऊन गेला, की त्याचं नाव मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. तो आपल्याकडचा नाही, पॅरिसचा. जाँ-बाप्तिस्त प्युसाँ. कातडी कमावणारा माणूस, गंडमाळेच्या आजारानं बिसेत्र नावाच्या इस्पितळात पेशंट म्हणून आला, बरा झाला आणि तिथंच कामाला लागला. पुढं वेड्यांच्या वॉर्डाचा प्रमुख झाला. त्याची बायको मार्गरीतही त्याच्यासोबत काम करी. या माणसानं आपल्या हाताखालच्यांना पेशंटवर हात उचलायला बंदी केली आणि १७९७ साली वॉर्डातल्या साखळ्या काढल्या. चित्रांत आणि पुस्तकांत साखळ्या काढण्याचं श्रेय डॉक्टर फिलिप पिनेल यांना मिळालं. पिनेल मोठेच होते, आणि आपण प्युसाँकडून शिकलो हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. पण लोकांच्या लक्षात डॉक्टर राहिला, राखणदार नाही. नर्सेसना हे नवं नाही.

साखळीच्या जागी अंगाला घट्ट बांधायचा जाड कापडी अंगरखा आला, हेही सांगायला हवं. सुधारणा एका दिवसात पूर्ण होत नसते.

आता परत नागपूरला येऊ. किल्लीच्या जोडीला राखणदाराच्या जगात आणखी एक वस्तू होती, वही. पेशंट आला की रकाने भरायचे: नाव, जात, वय, वेडाचं कारण. कारणाच्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द पडे, 'गांजा'. १८९३ साली सरकारनं गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्यानं देशभरातल्या इस्पितळांच्या वह्या तपासल्या, मध्य प्रांतातल्याही. तेव्हा कळलं, की हे कारण अनेकदा पोलिसानं माणूस धरतानाच कागदावर टाकलेलं असे. इस्पितळाचा कारकून तेच वहीत उतरवून घेई. घरच्यांना कोणी विचारलेलं नसे. १८९२ साली देशातल्या इस्पितळांत १,३४४ माणसं दाखल झाली. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढं गांजा-भांग हे कारण होतं. आयोगानं एकेक प्रकरण उघडून पाहिलं, तेव्हा ९८ उरली.

मी हा आकडा मुलींना फळ्यावर लिहून दाखवत असे. २२२ आणि ९८. बाकीच्या १२४ माणसांचं काय झालं होतं? कोणाला ताप डोक्यात गेला असेल, कोणाचं मूल गेलं असेल, कोणाला फिट येत असेल. कोणी विचारलं नाही. एक शब्द लिहून टाकला आणि माणूस त्या शब्दात कोंडला गेला. कुलूप फक्त दाराला नसतं बरं का.

याच इस्पितळात १८९२ साली कामठीचे ताजुद्दीन बाबा आले. नागपूरकरांना हे सांगायला नको. ज्यांच्या उरुसाला ताजबागेत सगळ्या जातीधर्माची माणसं जातात, ते बाबा सोळा वर्षं इथं होते. लोक त्यांच्या दर्शनाला इस्पितळात येत, असं जुनी माणसं सांगत. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना आपल्या जबाबदारीवर बाहेर आणलं आणि वाड्यात ठेवून घेतलं. श्रद्धेची गोष्ट ज्याची त्यानं ठरवावी. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. न्यायला कोणी आलं, म्हणून माणूस बाहेर पडला. ज्यांना न्यायला कोणी आलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

मग बाया या कामात कधी आल्या? बाईमाणसानं परक्याची शुश्रूषा पगार घेऊन करावी, हीच गोष्ट तेव्हा मोठी होती. परिचर्येच्या इतिहासात पहिली प्रशिक्षित भारतीय नर्स म्हणून ठाण्याच्या काशीबाई गणपत यांचं नाव घेतात. १८९१ साली त्या मुंबईत शिकल्या. पुढं पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवा आणि गरजू बायांना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवलं. लोकांनी नावं ठेवली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही.

पण या शिकलेल्या बाया गेल्या त्या साध्या इस्पितळांत, बाळंतपणाच्या वॉर्डात. वेड्यांच्या इस्पितळात किल्ली राखणदाराकडेच राहिली. बायांच्या वॉर्डात बाई राखणदार असे, इतकंच. विलायतेत १८८५ साली अशा कामगारांसाठी एक छोटं पुस्तक निघालं आणि १८९१ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळू लागलं. आपल्याकडे १९१२ साली नवा कायदा आला. त्या सुमारास ही इस्पितळं तुरुंग खात्याच्या सावलीतून निघून डॉक्टरांच्या ताब्यात गेली. १९२० नंतर त्यांचं इंग्रजी नाव बदललं आणि 'मेंटल हॉस्पिटल' झालं. पाटी बदलली, माणसं तीच राहिली. १९४६ साली भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं, की ४० हजार माणसांमागं मनोरुग्णालयाची जेमतेम एक खाट आहे आणि या कामाची शिकलेली नर्स तर हुडकून सापडत नाही.

म्हणजे आपल्या देशात मनोरुग्ण परिचारिका हा स्वतंत्र पेशा स्वातंत्र्यानंतरचाच. १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तीच आजची निम्हान्स. १९५६ पासून तिथं मानसोपचार परिचर्येची पदविका सुरू झाली. आपल्या जनरल नर्सिंगच्या मुलींना हा विषय सक्तीचा झाला तो १९८६ मध्ये. १८६४ ते १९८६ हिशेब करा. सव्वाशे वर्षांत तीनच कमी.

या मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक, १९५० च्या दशकात क्लोरप्रोमझिनसारखी औषधं आली. बांधून ठेवावं लागणारी माणसं शांत बसून बोलू लागली. आता गोळी देणं, ती गिळली की जिभेखाली ठेवली ते बघणं, हात थरथरतात का, मान आखडते का हे टिपणं, हे सिस्टरचं काम झालं. दुसरी गोष्ट, १९५२ मध्ये अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेपलाऊ या नर्सचं एक पुस्तक निघालं. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं त्या म्हणाल्या. पुस्तक काही वर्षं आधीच लिहून तयार होतं. पण डॉक्टरचं नाव जोडीला नसताना नर्सनं एकटीनं पुस्तक काढायचं, हे तेव्हा कोणाला पटत नव्हतं, म्हणून ते अडकून राहिलं.

पेपलाऊबाई म्हणाल्या ते आपल्या भाषेत आधीपासून होतं. 'शुश्रूषा' हा शब्द बघा. आपण त्याचा अर्थ सेवा असा करतो. पण तो आला आहे 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. मी हा अर्थ पुस्तकात फार उशिरा वाचला. शिकले होते त्याच्या आधीच, एका इन्चार्ज सिस्टरकडून.

मी विद्यार्थिनी होते. पोस्टिंग एका मनोरुग्णालयात होती, नाव सांगत नाही. बायांच्या वॉर्डात संध्याकाळचं जेवण लवकर वाढत. पन्नाशीची एक बाई खिडकीजवळ बसायची. त्या दिवशी तिनं ताट सरकवून दिलं. मी दोनदा सांगून पाहिलं. ती बोलेना. वाढायच्या आणखी पुष्कळजणी होत्या. मी वहीत लिहिलं, 'जेवण नाकारले. सहकार्य करत नाही.' आणि पुढं गेले.

रात्रीची ओव्हर देताना सिस्टरनं वही वाचली. म्हणाल्या, "का नाकारलं?"

मी म्हटलं, "सिस्टर, पेशंटच आहे ती..."

त्या काही बोलल्या नाहीत. मला घेऊन त्या बाईजवळ गेल्या, खाली टेकल्या आणि म्हणाल्या, "माय, आज काहून जेवत नाही वं?"

ती लगेच म्हणाली, "आज चतुर्थी आहे न वं. चंद्र निघाल्याबिगर कशी जेवू?"

वॉर्डात कॅलेंडर नव्हतं. पुनवेच्या रात्री चांदणं खिडकीतून तिच्या पायांपर्यंत येई. तिथून ती दिवस मोजत होती. मी घरी जाऊन पाहिलं, संकष्टीच होती.

सिस्टरनं ताट झाकून ठेवायला लावलं आणि रात्रपाळीच्या मावशीला चंद्रोदयाची वेळ सांगितली. मग वही माझ्यापुढं ठेवली. नर्सिंगच्या वहीत चुकलेलं खोडून काढायचं नसतं. एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी सही करायची. मी रेघ मारली आणि लिहिलं, 'संकष्टीचा उपवास आहे. तिथी बरोबर सांगते. चंद्रोदयानंतर जेवेल.' दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि तिच्याजवळ बराच वेळ बसले. जिला तिथी कळते, तिचं कालाचं भान शाबूत आहे. आमच्या शास्त्रात ही मोठी खूण असते.

'सहकार्य करत नाही' आणि १८९२ चा 'गांजा', दोन्ही एकाच जातीचे शब्द. मी शिकलेली होते, पांढरा युनिफॉर्म घातला होता, तरी त्या संध्याकाळी मी राखणदारच होते. सर्टिफिकेटनं कोणी आपोआप नर्स होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या सिस्टरचाही नाही. १९९४ साल ज्यांना आठवतं त्यांना शिरूर आठवेल. तिथल्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली जात होती. कारण काय, तर त्यांना पाळी सांभाळता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि ते थांबलं. पण त्याआधी काही मुलींवर शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. सांभाळणाऱ्या हातांची सोय आणि सांभाळल्या जाणाऱ्या बाईचं शरीर, यात कोण मोठं, हा तो प्रश्न होता. पुढं २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली. उपचारासाठी आणून साखळीनं बांधून ठेवलेली २८ माणसं गेली. त्यांना पळताच आलं नाही. प्युसाँनं साखळ्या काढून दोनशे वर्षं झाली होती.

त्याआधी १९९३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की ज्यानं गुन्हा केला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनेच्या विरुद्ध आहे. आणि मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्यातली काही कलमं आपण बायांनी तरी पाठ करावीत. पेशंटला कोणत्याही प्रकारे साखळी घालायची नाही. जबरदस्तीनं केस भादरायचे नाहीत. तिला स्वतःचे कपडे घालायचे असतील, तर इस्पितळाचा पोशाख लादायचा नाही. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. धर्माचरणाची सोय हवी, म्हणजे आमच्या त्या बाईची चतुर्थीसुद्धा आता कायद्यात आहे. काम करवून घेतलं तर मोबदला द्यायचा. तीन वर्षांखालचं लेकरू आईपासून शक्यतो तोडायचं नाही. आणि घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कोणाला आत ठेवायचं नाही.

कायदा दिल्लीत झाला, पण पाळायचा कोणी? रात्री दोन वाजता एखादी पेशंट डोकं भिंतीवर आपटायला लागते, तेव्हा वॉर्डात एक सिस्टर आणि एखाद-दुसरी मावशी असते. तिला धरावं लागतं. कधी बांधावंही लागतं. कायदा सांगतो, की दुसरा उपायच उरला नसेल तेव्हा, डॉक्टरच्या परवानगीनं, गरज असेल तेवढाच वेळ, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. ही रेघ फार बारीक आहे. दमलेल्या, मार खाल्लेल्या, घाबरलेल्या बाईला ती पाळायची असते. किल्ली फेकून देता येत नाही. दार उघडं राहिलं आणि कोणी रस्त्यावर गाडीखाली गेलं, तर जबाबदारी तिचीच. म्हणून किल्ली ठेवायची, पण राखणदार व्हायचं नाही, हे या पेशाचं मर्म आहे. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरला हे कोडं रोज सोडवावं लागत नाही.

एक छोटा नियम सांगते, तो मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगत असे. बर्डीवर बाजारात आपली जुनी पेशंट दिसली, तर आपण ओळख दाखवायची नाही. तिनं हाक मारली तर थांबायचं, बोलायचं. तिनं नजर वळवली तर आपणही भाजी बघायची. सोबत सासू असेल, नवी जाऊ असेल. तिची गोष्ट तिच्या मालकीची आहे. ती सांगायची की नाही, ते तिनं ठरवायचं.

आज नागपूरच्या मनोरुग्णालयात ९४० खाटांची सोय आहे. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून माणसं येतात. बऱ्या होऊनही घरी न गेलेल्या बाया प्रत्येक मनोरुग्णालयात असतात. नातेवाइकांनी दिलेल्या पत्त्यावर पत्र जातं आणि परत येतं. त्यांच्यासाठी कोणी रघुजीराजे येणार नाहीत. यायचं तर भावानं, लेकानं, भाचीनं, म्हणजे आपण. तोवर त्यांच्या दिवाळीला, दुखण्याला आणि चतुर्थीला ती सिस्टर असते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लेकराला धाक घालायला 'पागलखाना' हा शब्द तोंडात आला, तर जरा थांबा. कोणाची लेक या पोस्टिंगवर निघाली असेल, तर तिला अडवू नका. आणि घरात कोणाची झोप उडाली असेल, कोणी ताट सरकवत असेल, तर आधी विचारा, "काहून?" उत्तर येईपर्यंत बसा. मदत हवी असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

ऐकत राहा, आणि ऐकून घेत राहा. नमस्कार.